स्वावलंबी स्क्रीनशॉट

स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणाऱ्यांची मला कीव येते. बोट टेकवलं, चित्र गेलं, समोरच्याने पाहिलंही. यात पुरुषार्थ तो कसला? बाणेदार माणूस आधी माळ्यावरचा जुना लॅपटॉप खाली काढतो, त्यावर लिनक्स चढवतो, डॉकर बसवतो, स्वतःच्या आडनावाचं डोमेन विकत घेतो, आणि मगच मेव्हण्याला रेल्वेच्या तिकिटाचा स्क्रीनशॉट पाठवतो.

यामागचं कारण अगदी रास्त आहे. २०१७ साली फोटोबकेटने आपल्याकडचे फोटो दुसऱ्यांच्या साइटवर दाखवायचे तर वर्षाला ३९९ डॉलर मोजा म्हणून सांगितलं. २०२३ मध्ये इमगरने खातं न उघडता चढवलेली जुनी, पडून राहिलेली चित्रं पुसायला घेतली. परक्याच्या ओसरीवर सामान ठेवलं की असं व्हायचंच. तेव्हा ज्याच्यावर डोळे मिटून विसंबावं असा माणूस जगात एकच उरतो : आपण स्वतः. गॅस संपल्यावरच सिलिंडर बुक करायची आठवण होते, तेच आपण.

पहिलं चित्र चढवतानाचा आनंद तर शब्दांत सांगता येत नाही. एनजिनएक्स हा वेब सर्व्हर एक एमबीपेक्षा मोठी फाइल मुळातच आत घेत नाही, आणि मोठ्या पडद्याचा पीएनजी सहज त्याच्या वर जातो. पडद्यावर ४१३ हा एरर उमटतो. सेटिंगच्या फायलीतली एक ओळ बदलून एनजिनएक्सची समजूत काढावी, तर मागे पीएचपी उभं असतंच. त्याची हद्द दोन एमबी. दोघेही राजी झाले की कळतं, इंटरनेटवाल्याने आपल्याला स्वतंत्र आयपी दिलेलाच नाही. बऱ्याच गिऱ्हाइकांत मिळून एकच आहे, त्यामुळे बाहेरच्याला आपलं दार सापडणं शक्य नाही. मग बड्या कंपन्यांच्या कचाट्यातून सुटण्यासाठी एका बड्या अमेरिकन कंपनीचा फुकटातला बोगदा घ्यायचा. स्वावलंबनाला थोडा आधार लागतोच.

ज्यांच्या नशिबी स्वतंत्र आयपी आहे, त्यांना साइट सुरक्षित असल्याचं लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र मिळतं. त्याची मुदत ९० दिवस. ते आपोआप नवं होण्याची सोय असते, आणि ती सोय आपोआप बंदही पडते.

लिंकचा थाट वेगळाच. स्वतःच्या सर्व्हरवर चित्रं ठेवायच्या काही प्रोग्रॅममध्ये न दिसणाऱ्या अक्षरांची लिंक बनवायची सोय असते. डोमेननंतर काहीच दिसत नाही, तरी चित्र उघडतं. याची गरज काय, असं विचारणारा माणूस मुळात अरसिक.

मेव्हणा दादरच्या फलाटावर उभा राहून ती लिंक उघडतो. ‘ही साइट सुरक्षित नाही’ अशी लाल पाटी येते. तो त्या पाटीचा स्क्रीनशॉट काढून व्हॉट्सअ‍ॅपवर धाडतो : ‘दाजी, हे काय येतंय?’ दाजी सुखावतात. अखेर कुणीतरी लिंक वापरली. ते लगेच लॉग उघडून बसतात. तोवर ताई फोनवरून डबा आणि सीट नंबर वाचून दाखवते, आणि गाडी वेळेवर सुटते.

या प्रसंगानंतर दाजींनी जुना प्रोग्रॅम मोडीत काढला. आता सगळं झिपलाइन नावाच्या दुसऱ्या प्रोग्रॅमवर हलवणं चाललंय; त्याला पोस्टग्रेस हा डेटाबेस लागतो, म्हणून रॅम वाढवली. जुन्या लिंका सगळ्या तुटणार आहेत. पण त्या उघडणारा मेव्हणा एकच होता, आणि तो आता बसने जातो.