सीट तुमची, जोखीम आमची

प्रति,
मुख्य वित्त अधिकारी,
इंग्लंडमधलं एक विद्यापीठ (नाव लिहीत नाही, ज्याचं त्याला कळेल)



तुमची ई-मेल पोचली. पुरेसे प्रवेश न झाल्यामुळे आमच्या मुलीचा कोर्स सप्टेंबरऐवजी जानेवारीत सुरू होणार, तोवर चार हजार पाउंडांचं डिपॉझिट तुमच्याकडे सुखरूप राहणार. वाचून भरून आलं. साडेचार लाख रुपये आमच्या घरात इतके सुखरूप कधीच राहिले नव्हते.

तुमची अडचण कळते हो. घरच्या पोरांची फी २०१७ पासून २०२५ पर्यंत ९,२५० पाउंडांवर अडकलेली होती, मग तूट भरायला परदेशी पोरं. जानेवारी २०२४ पासून मास्टर्सच्या बहुतेक विद्यार्थ्यांना कुटुंब सोबत नेता येईना, तिकडे नायजेरियाची नायरा आपटली आणि तुमच्या ताळेबंदाला घाम फुटला. त्यावर तुमचा उतारा म्हणजे ऑफर लेटरांची खैरात आणि आगाऊ डिपॉझिट. दादरच्या कन्सल्टंटने आमच्याकडून छदाम घेतला नाही. त्याचं कमिशन तुम्ही देता, आमच्याच फीमधून. व्यवहार चोख आहे.

शिक्षणकर्जासाठी बँकेने तारण मागितलं. गिरगावातली आमची खोली पागडीची, बँक तिच्याकडे ढुंकून पाहत नाही. शेवटी मेहुण्याचा डोंबिवलीचा फ्लॅट गहाण पडला. पाउंड चढला तरी हप्ता आमचा. शिकून झाल्यावर नोकरीसाठी मिळणारी दोन वर्षं २०२७ पासून दीडवर आली, तरीही हप्ता आमचाच.

तुमचे अमेरिकेतले भाऊबंद याहून हुशार. इलिनॉय विद्यापीठाच्या बिझनेस आणि इंजिनिअरिंग कॉलेजांनी २०१७ मध्ये चिनी विद्यार्थी घटण्याच्या भीतीने चक्क विमा उतरवला. हप्ता वर्षाला ४,२४,००० डॉलर, भरपाई ६ कोटी डॉलरपर्यंत. पोरं आली नाहीत तर विद्यापीठाला पैसे! पोराचं वर्ष बुडालं तर कोणाला, हे काही कुणी विचारलेलं दिसत नाही.

परळच्या बीआयटी चाळीतले डॉ. आंबेडकरही तुमच्या हिशेबाने बेभरवशाचेच विद्यार्थी. १९१७ साली बडोद्याची शिष्यवृत्ती संपली आणि लंडनचा अभ्यास अर्ध्यात टाकून परतावं लागलं. चार वर्षांत परत या, एवढी मुभा लंडनने दिली होती. सिडनहॅम कॉलेजात शिकवून त्यांनी पैसे साठवले, मित्र नवल भथेनांकडून पाच हजार रुपये उसने घेतले आणि १९२० साली ते परत गेले. तुमच्या नियमात ते ‘नो-शो’ ठरले असते, डिपॉझिट जप्त!

ॲबर्डीन, यॉर्कसह पाच परदेशी विद्यापीठांना १४ जून २०२५ ला मुंबईतच कॅम्पससाठी इरादापत्रं मिळाली. पोरं येईनात, तर तुमची मंडळीच नवी मुंबईत यायला निघाली. या, या. येताना तो विमावालाही आणा. आम्हालाही पॉलिसी काढायची आहे: ऐनवेळी विद्यापीठच आलं नाही तर. हप्ता मेहुणा भरतो म्हणतोय. फक्त नॉमिनी म्हणून त्याचंच नाव हवं, अशी त्याची अट आहे.

आपला,
सहकर्जदार क्र. १