मदरबोर्ड-परिवर्तन : तत्त्व आणि व्यवहार

संगणकाच्या कॅबिनेटमध्ये आतल्या पत्र्यावर स्क्रूंनी जखडलेली आणि प्रोसेसरपासून कीबोर्डपर्यंत सर्वांना एकमेकांशी बोलते ठेवणारी जी पाटी असते, तिला मदरबोर्ड म्हणतात. आणि ती निकामी झाली असता ‘बाकी सगळे चांगले तर आहे’ या एकाच युक्तिवादावर उरलेले सर्व भाग राखून केवळ तीच बदलण्याचा जो उपक्रम काटकसरी घरांत हाती घेतला जातो, त्याला येथे मदरबोर्ड-परिवर्तन ही संज्ञा योजली आहे. या उपक्रमाचे मूलतत्त्व असे, की काय विकत घ्यायचे हे वाचवायचे भाग ठरवतात, आणि त्यांपैकी काय वाचणार हे बाजारात मिळालेला बोर्ड ठरवतो. या दोन निर्णयांच्या मधल्या फटीत कर्त्याचे काही रविवार आणि बचतीची अपेक्षित रक्कम नाहीशी होते.

सर्वप्रथम मृत्यूची खातरजमा करावी. ‘बोर्ड गेला’ हे निदान दुरुस्ती करणारा इसम फोनवरूनही देऊ शकत असल्याने त्याला पुराव्याची जोड आवश्यक असते. रॅम काढून तिच्या सोनेरी दातांवर खोडरबर फिरवणे हा उपाय या देशात इतका सर्वमान्य आहे की त्याची थट्टा करण्याचा मोह होतो, परंतु साचलेला थर निघाल्याने कित्येक ‘डेड’ बोर्ड त्यावरच उठून बसतात. बोर्डावरील रुपयाएवढा सेल, ज्याला सीआर २०३२ म्हणतात आणि जो तीन व्होल्टच्या बळावर घड्याळ व मूळ सेटिंग सांभाळतो, तोही काढून पुन्हा बसवावा. त्यानंतर संशय एसएमपीएसकडे, म्हणजे घरातील २३० व्होल्टचे १२, ५ आणि ३.३ व्होल्टमध्ये रूपांतर करणाऱ्या पत्र्याच्या डब्याकडे वळवावा. वीज बंद असताना त्याचा चोवीस पिनांचा जोड बोर्डातून सोडवून त्यातील हिरवी आणि एखादी काळी वायर तारेच्या तुकड्याने जोडायची, मग वीज सुरू करायची. पंखा फिरला तर एसएमपीएस निर्दोष, असा पूर्वापार समज आहे. वस्तुतः त्यावरून पंखा फिरतो एवढेच सिद्ध होते. ठरलेल्या व्होल्टेजच्या पाच टक्के अलीकडे-पलीकडे आकडे येतात की नाही हे मल्टिमीटरने पाहिल्याखेरीज, आणि शक्य तर शेजाऱ्याचा एसएमपीएस लावून पाहिल्याखेरीज, बोर्डाच्या नावाने स्नान करू नये.

मृत्यू निश्चित झाला की सॉकेटचा प्रश्न उभा राहतो. सॉकेट म्हणजे प्रोसेसर ज्यात बसतो ते चौकोनी आसन; इंटेलने त्याच्या नावातच स्पर्शबिंदूंची संख्या गोवून ठेवली आहे. २००९ साली आलेल्या आसनात ११५६ बिंदू होते आणि २०११ साली आलेल्या आसनात ११५५. या एका बिंदूच्या काटकसरीने मागील सर्व प्रोसेसर नव्या बोर्डांसाठी निरुपयोगी ठरले. पुढे ११५१ बिंदूंच्या बाबतीत ही पद्धतही सोडून देण्यात आली: २०१५ साली आणि २०१७ च्या अखेरीस आलेल्या बोर्डांवर बिंदू तेवढेच, आसन दिसायला तेच, प्रोसेसर बसतोही बिनतक्रार, फक्त २०१७ अखेरचा प्रोसेसर २०१५ च्या बोर्डावर चालत नाही. याउलट प्रोसेसरवर बसणारा पंखा, ज्याच्याकडे कोणी फारसे लक्ष देत नाही, त्याची भोके २००९ पासून २०२० मध्ये आलेल्या १२०० बिंदूंच्या आसनापर्यंत जिथल्या तिथे राहिली. ज्या वस्तूची किंमत सर्वांत कमी तिचे आयुष्य सर्वांत लांब, हा या क्षेत्रातील एकमेव स्थिर नियम म्हणता येईल. कॅबिनेटही त्याच नियमाने वाचते: इंटेलने १९९५ साली मांडलेले एटीएक्स नावाचे मापाचे मानक अद्याप चालू असल्याने, गंजलेल्या पत्र्यालाही नवा बोर्ड निमूट बसतो.

घरोघरी अजून नांदणारा, ११५५ बिंदूंच्या आसनात बसणारा, दुसऱ्या किंवा तिसऱ्या पिढीचा आय-थ्री वा आय-फाइव्ह प्रोसेसर वाचवायचा असेल, तर कर्त्याला एच६१ हा शब्द पाठ असावा. हे एका चिपसेटचे, म्हणजे बोर्डावरील वाहतूक नियंत्रित करणाऱ्या चिपचे नाव असून, ती २०११ सालची असली तरी तिचे बोर्ड मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत नव्या खोक्यात अजूनही पुढे केले जातात. कर्त्याने ‘एच६१ आहे का’ एवढेच विचारावे. संगणकाचा कौटुंबिक इतिहास सांगू लागल्यास ‘साहेब, नवीन सेटच घ्या’ हे उत्तर ठरलेले असते, आणि खेदाची बाब अशी की ते पुष्कळदा बरोबरही असते. सेकंडहँड बोर्ड घेताना मात्र एका चक्रव्यूहाची जाणीव ठेवावी. तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर २०१२ साली आला. बोर्डावर त्याआधीचे बायोस, म्हणजे संगणक सुरू होताना प्रथम चालणारी आज्ञावली, असेल तर पडद्यावर काही उमटत नाही. बायोस अद्ययावत करायचे तर संगणक सुरू व्हावा लागतो. आणि तो सुरू व्हायला दुसऱ्या पिढीचा प्रोसेसर लागतो, जो कर्त्याजवळ नसतो. म्हणून स्वतःचा प्रोसेसर खिशात घालून जावे आणि दुकानातच डिस्प्ले आलेला पाहून पैसे द्यावेत.

रॅमविषयी थोडक्यात एवढेच की डीडीआर-थ्री आणि डीडीआर-फोर यांच्या खाचा मुद्दामच वेगळ्या जागी केलेल्या असतात, त्यामुळे जोर लावून उपयोग नाही. शिवाय एच६१ वर रॅमच्या जागा दोनच असल्याने, जुन्या बोर्डावर चार पट्ट्या असल्यास दोन पट्ट्या ‘पुढे लागतील’ या सदराखाली कपाटात जातात.

प्रत्यक्ष बसवणी करण्यापूर्वी जुन्या वायरींचे छायाचित्र काढावे. इंटेलच्या सॉकेटमधील केसासारख्या पिना प्रोसेसरला नसून बोर्डाला असतात, आणि त्यांतील एक जरी वाकली तरी वॉरंटी तत्क्षणी विझते, म्हणून आसनावरचे प्लास्टिकचे झाकण शेवटच्या क्षणापर्यंत काढू नये आणि नंतर फेकूही नये. बोर्ड ज्यांवर टेकतो ते पितळी खुंट, म्हणजे स्टँडऑफ, बोर्डाच्या भोकांखालीच असावेत; जुन्या बोर्डासाठी लावलेला एखादा आगंतुक खुंट नव्या बोर्डाच्या पाठीला टेकला तर शॉर्ट होऊन परिवर्तनाची दुसरी आवृत्ती काढावी लागते. प्रोसेसरजवळचा चार पिनांचा वेगळा जोड विसरला जाणे हे तर नित्याचेच: पंखे दिमाखात फिरतात, पडदा काळा राहतो आणि दुकानदाराला नाहक शिव्या बसतात. कॅबिनेटच्या पुढच्या बटणांच्या बारीक वायरींचा गुच्छ हा खरा परीक्षेचा भाग होय; त्यांची नावे बोर्डावर मुंगीच्या अक्षरांत छापलेली असून मोबाइलचा टॉर्च दातांत धरल्याशिवाय ती वाचता येत नाहीत. पॉवर आणि रीसेटच्या जोड्या उलटसुलट लागल्या तरी चालतात, दिव्यांच्या मात्र उलट लागल्यास पेटत नाहीत, आणि दिवा न पेटल्याने आजवर कोणाचे काम अडलेले नाही.

‘मिलिंदपञ्हा’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला विचारतो की रथ म्हणजे आस का, चाके का, की जू; आणि राजाला प्रत्येक वेळी नकार द्यावा लागतो. नेमका कोणता भाग म्हणजे ती वस्तू, हा प्रश्न संगणकाच्या बाबतीत मायक्रोसॉफ्टने निकालात काढला आहे: संगणकासोबत आलेला विंडोजचा ओईएम परवाना मदरबोर्डाशी बांधलेला असतो, म्हणजे पंखा, रॅम, डिस्क, कॅबिनेट सर्व जुने राहूनही बोर्ड बदलताच कायद्याच्या दृष्टीने तो नवा संगणक ठरू शकतो. स्वतंत्रपणे विकत घेतलेला परवाना मात्र नव्या बोर्डावर नेता येतो, आणि डिजिटल परवाना मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी आधीच जोडला असेल तर ते काम सोपे होते. तुलनेने नव्या संगणकांवर डिस्क विंडोजच्या बिटलॉकरने कुलूपबंद असू शकते, त्याची खूण जुन्या बोर्डाजवळ राहते, आणि नवा बोर्ड ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागतो. ती आधी कुठेच जपून ठेवलेली नसेल तर प्रोसेसर वाचला, डिस्क वाचली, फक्त आतले फोटो गेले असे होते. या संपूर्ण विवेचनातील थट्टेचा अपवाद असलेले वाक्य हेच समजावे.

शेवटचा मुद्दा कॅबिनेटच्या झाकणाचा. संगणक सुरू झाला तरी आठ दिवस ते बसवू नये आणि भिंतीला टेकवून ठेवावे, कारण चारही स्क्रू आवळल्यानंतरच डिस्प्ले जातो असा दुरुस्तीच्या धंद्यातील सार्वत्रिक अनुभव असून, त्याची कारणमीमांसा कोणत्याही मॅन्युअलात दिलेली नाही.