पोट पुढे!

शाळेत पी.टी.च्या सरांनी आम्हाला वर्षानुवर्षं एकच विद्या दिली: 'छाती बाहेर, पोट आत!' पुढे लग्नात फोटोग्राफरने, लग्नानंतर बायकोने आणि चाळिशीनंतर डॉक्टरांनी त्या उपदेशाचा उत्तरार्ध तेवढा लावून धरला. त्यामुळे अ‍ॅरिझोनातल्या इलॉय गावी एका हँगरमध्ये सहा फुटी प्रशिक्षकाने माझ्या पोटाकडे बोट दाखवून 'हे आणखी पुढे काढ' असं फर्मावलं, तेव्हा आयुष्यात प्रथमच आपल्या गुणांची कदर झाली असं मला वाटलं.

इलॉय हे फिनिक्स आणि टुसॉन यांच्या मधलं वाळवंटी गाव. सपाट जमीन, निवडुंग आणि बहुतेक दिवस निरभ्र आकाश. या भांडवलावर तिथे जगभरातून माणसं येतात आणि धडधाकट विमानातून बाहेर पडतात. मी नोकरीमुळे फिनिक्सला. आमच्या मंडळातले लोक शनिवारी पॉटलकला नाहीतर ग्रँड कॅन्यनला जातात, आणि कॅन्यनच्या कठड्यापाशी 'मागे हो, पडशील' म्हणून एकमेकांना ओढतात. मी पैसे भरून पडायला शिकत होतो, हे मंडळात कळायला फार वेळ लागला नाही.

विमानातून उडी मारायला तसं काहीच यावं लागत नाही. गुरुत्वाकर्षण ते काम पात्रता न तपासता करून देतं. शिकायचं असतं ते पडताना स्थिर राहायला. पॅराशूट उघडताना माणूस कोलांट्या खात असला तर दोऱ्या अंगाभोवती गुंडाळल्या जाऊ शकतात, म्हणून हा सगळा खटाटोप. उपाय मात्र एका ओळीचा आहे: पालथं पडा आणि कमानीसारखे मागे वाका. कंबर सगळ्यांत खाली, हनुवटी वर, हात कोपरात वाकवून डोक्याच्या दोन्ही बाजूंना, गुडघे थोडेसे दुमडलेले. बॅडमिंटनचं फूल कसंही फेका, बूच पुढे आणि पिसं मागे अशी त्याची त्याला दिशा सापडते. तसंच माणसाचं. कंबर म्हणजे बूच, हातपाय म्हणजे पिसं. कंबर पुढे रेटली की वारा उरलेलं शरीर आपोआप मागे सारतो आणि तुम्ही सरळ होता.

ही युक्ती प्रचारात आणली ती लिओ व्हॅलेंटिन या फ्रेंच पॅराट्रूपरने, दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात. पक्ष्यांचं निरीक्षण करणारा हा गृहस्थ हातपाय पसरून, पाठ वाकवून पडायला लागला आणि गरगरायचा थांबला. तिथेच समाधान मानलं असतं तर बरं झालं असतं. पण त्याला पक्षीच व्हायचं होतं. 1956 मध्ये इंग्लंडमधल्या एका हवाई प्रदर्शनात लाकडी पंख बांधून त्याने उडी घेतली, आणि ती शेवटची ठरली. त्याची कमान तेवढी आमच्यापर्यंत पोचली.

जमिनीवर ती कमान शिकायला चाकं लावलेली एक फळी असते. गॅरेजमधला मेकॅनिक जिच्यावर उताणा पडून गाडीखाली सरकतो, तीच. फरक इतकाच की इथे पालथं पडायचं आणि हातपाय हवेत धरायचे. मी त्या फळीवर पडून जोरात 'आर्च!' असं ओरडत होतो आणि फळी आपल्या मर्जीने कॉफीच्या मशीनकडे निघाली होती. माझ्या कण्याने जन्मभर पुढेच वाकायचं काम केलंय. वडीलधाऱ्यांच्या पाया पडायला पुढे, संगणकासमोर पुढे, पंगतीत वाढायला पुढे. मागे वाकायची वेळ फक्त पंख्यावरची जळमटं काढताना आली होती.

प्रत्यक्ष उडीत आणखी एक भानगड निघाली. आपण खाली पडतो म्हणजे वारा खालून येणार, हा साधा हिशेब पहिले काही सेकंद चुकतो. विमान पुढे पळत असतं, तोच वेग तुम्हालाही मिळालेला असतो. म्हणून दारातून निघताना वारा येतो तो समोरून, प्रोपेलरच्या बाजूने. पोट जमिनीला दाखवायचं नसतं, त्या वाऱ्याला दाखवायचं असतं. मग साधारण दहा सेकंदांत वारा समोरून हळूहळू खाली सरकतो, वेग ताशी 190 किलोमीटरच्या आसपास जातो आणि तिथेच टिकतो. जत्रेतल्या पाळण्यात येतो तो पोटातला गोळा इथे येतच नाही. आवाज मात्र प्रचंड असतो, आणि त्या आवाजात तुम्हाला शांत राहायचं असतं.

मी शिकत होतो त्या पद्धतीच्या पहिल्या उड्यांत विद्यार्थ्याला एकटं सोडत नाहीत. दोन्ही बाजूंना एकेक प्रशिक्षक धरून असतो. माझ्या उजवीकडे तो सहा फुटी, डावीकडे बारीक चणीची एक बाई. तिने कमरेला शिशाचे तुकडे भरलेला पट्टा बांधला होता. जड माणूस जास्त वेगाने पडतो, त्यामुळे हलक्या प्रशिक्षकाला विद्यार्थ्यासोबत राहायचं तर वजन बाळगावं लागतं. शिसं कशासाठी, असं मी विचारलं. तिने माझ्याकडे नखशिखान्त पाहिलं आणि फक्त हसली. अमेरिकन सौजन्य म्हणतात ते हेच असावं.

वर बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून सगळा संवाद बोटांनी चालतो. अंगठा खाली म्हणजे कंबर खाली रेट. दोन बोटं सरळ म्हणजे पाय लांब कर, तीच बोटं वाकवली तर पाय आवर. मनगटाकडे बोट म्हणजे उंची बघ. एक बोट ताठ म्हणजे आता पुरे, पॅराशूट उघड. मला बाईंनी सरळ दोन बोटं दाखवली. गुडघे फार दुमडले की माणूस मागे घसरत जातो, आणि मी त्या दोघांना घेऊन वाळवंटावरून उलटा चाललो होतो. मी आनंदाने त्यांना उलट तीच दोन बोटं दाखवली. पुढचा निम्मा वेळ आम्ही एकमेकांना विजयाची खूण करत पडत होतो.

पण सगळ्यांत अवघड खूण वेगळीच आहे. प्रशिक्षक पंजा सैलसर हलवतो. अर्थ: रिलॅक्स. अंग ताठ केलं की वारा तुम्हाला थडाथडा हलवतो, सैल सोडलं की तोच वारा झेलतो. हे शास्त्र खरं आहे, अनुभवाचं आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण घरात गादीवर पडूनही ज्याला रिलॅक्स होता येत नाही, त्या माणसाने ते दहा हजार फुटांवर, तेही हुकमाने, आणि तेही पुढच्या तीन सेकंदांत व्हायचं? मी व्हायचा कसून प्रयत्न केला. कसून केला, म्हणूनच झालो नाही.

मग कुणीतरी वाऱ्याचा उभा बोगदा सुचवला. काचेच्या नळकांड्यात खालून वारा सोडतात आणि जाळीच्या वर तुम्ही तरंगता. पडायची भीती नाही, पॅराशूट नाही, पाहायला प्रेक्षक मात्र आहेत. त्या दिवशी एका मुलाच्या वाढदिवसाची अख्खी टोळी काचेला नाक लावून उभी होती. मी या भिंतीवरून त्या भिंतीवर आदळत होतो, प्रशिक्षक मला चड्डीच्या मागच्या कापडाला धरून मधे आणत होता, आणि माझ्यानंतर आत गेलेलं दहाएक वर्षांचं पोर पहिल्याच मिनिटात जागच्या जागी स्थिर झालं. त्याने काय केलं? काहीच नाही. पोट खाली सोडलं, हात पसरले आणि मित्रांकडे बघून जीभ काढली. तीस वर्षांच्या नोकरीने माझ्याकडून नेमकं तेच काढून घेतलंय, जीभ धरून.

उडीनंतर व्हिडिओ दाखवतात. त्यात माझे गाल कानांपर्यंत पोचून फडफडत होते आणि डावा पाय उजव्यापेक्षा वर होता. म्हणून मी सारखा एका बाजूला वळत होतो. तो व्हिडिओ मी हौसेने सांगलीला आत्याला पाठवला. आत्या योगाचे वर्ग घेते. तिचा लगेच फोन आला.

"अरे, हे तर वरून भुजंगासन आणि खालून शलभासन! मी रोज पहाटे सतरंजीवर करते. त्याला विमान कशाला लागतं?"

"आत्या, अगं, वारा असतो तिथे..."

"आणि डावा पाय कुठे चाललाय तुझा? पुण्याची शीतल महाजन थायलंडात तेरा हजार फुटांवरून नऊवारी नेसून उडी मारते. तुला पँट घालून पाय सरळ ठेवता येईना?"

यावर उत्तर नव्हतं. ती उडी 2018 मधली आणि पेपरात फोटोसकट आलेली. आत्याने मला रोज सकाळी व्हिडिओ कॉलवर शलभासनाला बसवलं. म्हणजे पाडलं. 'श्वास सोड, श्वास सोड' एवढंच ती सांगायची, आणि खरं सांगायचं तर त्या सहा फुटी प्रशिक्षकाचं सगळं शास्त्र त्यात आलं. ज्याला श्वास घ्यायची आठवण राहते तो आवळून धरू शकत नाही.

पुढच्या खेपेला दोघांनी मला हवेत सोडून दिलं. मी होतो तिथेच राहिलो. क्षितिजाकडे पाहिलं, उंची पाहिली, पुन्हा क्षितिज. साडेपाच हजार फुटांवर उजवा हात मागे नेऊन पॅराशूट उघडायचं असतं. पण एकच हात मागे गेला तर तोल बिघडतो, म्हणून डावा हात त्याच वेळी डोक्यावर न्यायचा. मी तो नेला. विद्यार्थी विसरलाच, तर प्रशिक्षक जवळ असतो. तोही कमी पडला, तर पाठीवरच्या पिशवीतलं एक छोटं यंत्र ठरलेल्या उंचीवर राखीव पॅराशूट उघडतं. इतका व्यवस्थित अविश्वास मला आमच्या ऑफिसातही कुणी दाखवलेला नाही, आणि तो फार सुखाचा वाटला.

तुम्हाला शिकायचं असेल तर जरूर शिका. आधी महिनाभर सतरंजीवर पालथे पडा, पाठ सैल करा, दोन्ही पाय सारखे उचलता येतात का ते आरशात बघा. आणि पोटाला तिथे मान आहे म्हणून बेफिकीर राहू नका. बऱ्याच ठिकाणी वजनाची मर्यादा शंभर किलोंच्या आसपास असते, आणि विमानात बसवण्याआधी ते काट्यावर उभं करतात.