डब्याची दवंडी

घरातलं इंटरनेट बंद पडलं की कारण शोधायला घरातलं प्रत्येक माणूस निघतं, आणि प्रत्येकाला ते सापडतंच. गेल्या पावसाळ्यात आमच्या गोंदियाच्या घरात अशी कारणं ढिगाने जमली होती. सासूबाईंच्या मते वानरं. (आमच्या गल्लीत वानरांची टोळी तारांवरूनच ये-जा करते, त्यामुळे हे कारण कुठल्याही बिघाडाला चालतं. मिक्सर जळाला तेव्हाही चाललं होतं.) भाऊजींच्या मते पाऊस. ह्यांच्या मते मोबाइलमध्ये साठवलेले माझे फोटो, जणू ते आतून नेट पिऊन टाकतात. लेकीला पुढच्या वर्षी शिकायला नागपूरला जायचंय. तिने सगळा दोष गोंदियाला देऊन टाकला होता.

लक्षण मात्र एकच होतं. संध्याकाळ झाली की नेट मान टाकायचं. नेमकी तीच वेळ आमच्याकडे सगळ्यांच्या कामाची. भाऊजींची राइस मिल आहे. दिवसभर मिलवर राहून ते संध्याकाळी घरी येतात ते अर्धं ऑफिस मोबाइलमध्ये घेऊन. ट्रक भरून उभा, ड्रायव्हर फोनवर फोन करतोय, आणि इकडे बिलाची पीडीएफ व्हॉट्सॲपवर गोल गोल फिरतेय. लेकीचा ऑनलाइन क्लास चालू. त्यातले सर हात वर करून जे थिजायचे ते थेट गृहपाठ सांगतानाच हलायचे. आणि पुढच्या खोलीत सासूबाईंची मालिका चालू. ती कधी अडली नाही, कधी फाटली नाही. नायिकेच्या डोळ्यातलं पाणीसुद्धा थेंबाथेंबाने मोजता यावं, असं स्वच्छ चित्र.

खरं तर संशय तिथेच यायला हवा होता. पण जे चालतंय त्याच्यावर संशय घ्यायची आपल्याकडे रीत नाही.

केबल ऑपरेटरकडचा मुलगा येऊन टीव्हीचा डबा, म्हणजे सेट-टॉप बॉक्स, पाहून गेला. "काकू, डबा त बराबर हाय, हिरवी लाइट हाय," असं म्हणून त्याने रिमोटचे सेल बदलले आणि चहा घेतला. टोल फ्रीवरच्या बाईंनी डबा बंद करून पुन्हा चालू करायला सांगितला. केला. गंमत म्हणजे त्याने खरंच बरं वाटायचं, तासभर. त्याहून गंमत म्हणजे लाईन जाऊन आली की नेट घोड्यासारखं पळायचं. त्यामुळे घरात एक नवाच सिद्धांत रुजला: लोडशेडिंगने नेट साफ होतं. महावितरणचं एवढं कौतुक आमच्या घरात त्याआधी कधी झालं नव्हतं.

शेवटी लेकीने वहीत वेळा लिहायला घेतल्या. टीव्ही कधी लागला, नेट कधी गेलं. दोन्ही रकाने बऱ्यापैकी जुळायला लागले, आणि घरात तणाव आला.

"म्हणजे मी आता टीव्ही बी नाही पाहाव का?" सासूबाई म्हणाल्या.

तसं कुणी म्हटलं नव्हतं. पण त्यांनी त्या दिवशी मालिका अर्ध्यावर सोडून टीव्ही बंद केला आणि जपमाळ घेऊन बसल्या. नेट होतं तसंच मेलेलं. टीव्ही बंद आणि तरी नेट नाही! सासूबाई निर्दोष सुटल्या, लेकीची वही कपाटात गेली, आणि पुन्हा वानरांचं नाव निघालं.

आता सांगायला हरकत नाही, त्या वेळी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं ते असं की आमच्याकडे रिमोट दोन आहेत. एक टीव्हीचा, एक डब्याचा. सासूबाई बंद करतात तो टीव्हीच्या रिमोटने. पडदा काळा होतो, आवाज थांबतो, पण डबा जागाच असतो आणि समोर कुणी नसताना लावलेला चॅनेल खेचत बसतो. लाईन गेली की मात्र तोही निजतो. आल्यावर नुसता चालू होऊन थांबतो, कुणी चॅनेल लावेपर्यंत काही मागत नाही. महावितरणच्या औषधाचा गुण एवढाच.

राखीला नणंदेचा मुलगा नागपूरहून आला. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळे घरातल्या सगळ्या बंद वस्तू त्याच्यासाठी राखून ठेवलेल्या असतात. हा पोरगा डब्याकडे गेलाच नाही. थेट टेबलाखाली शिरला. तिथे भाऊजींनी सीसीटीव्हीच्या वेळी आणून बसवलेला एक छोटा स्विच आहे, हाताच्या पंजाएवढा, नेटच्या वायरी एकमेकींना जोडणारा. त्यातच डब्याची वायर, त्यातच कॅमेऱ्यांची, ह्यांच्या कॉम्प्युटरची आणि मागच्या खोलीतल्या वायफायची.

"मामी, इकडे पाहा."

मी टॉर्च घेऊन गुडघ्यावर बसले. स्विचवर प्रत्येक वायरीच्या डोक्यावर एक बारीक हिरवा दिवा होता आणि सगळेच्या सगळे एका तालात फडफडत होते. कॉम्प्युटरवर कुणी बसलं नव्हतं, तरी त्याचा दिवा फडफडत होता. कॅमेऱ्यांचाही तसाच. त्याने डब्याची वायर उपसली. दोनेक मिनिटं दिवे त्याच नादात राहिले, मग एकदम गप्प. एखादा मधूनच लुकलुकला, तेवढंच. मागच्या खोलीतून लेक ओरडली, "आलं!" आणि पुढच्या खोलीतून सासूबाई ओरडल्या, "गेलं!"

त्याने पुन्हा वायर लावली, लॅपटॉप जोडला आणि मला ओळी दाखवल्या. पडद्यावर ओळींचा पूर लोटला होता, आणि प्रत्येक ओळ २३९ ने सुरू होणाऱ्या पत्त्यावर चाललेली. नेटवर २२४ पासून २३९ पर्यंतचे पत्ते कुणा एकाचे नसतात. जो जो मागेल त्या सगळ्यांचे मिळून असतात. डबा चॅनेल मागतो तेव्हा त्याला स्वतंत्र पाकीट येत नाही. मोहल्ल्यातल्या सगळ्या डब्यांसाठी मिळून एकच प्रवाह निघतो आणि ज्याने हात वर केला त्याच्या दारी वळतो. हजार घरांत एकच मालिका चालू असली तरी वरून पाठवायची एकदाच. व्यवस्था सुंदर आहे. फक्त वाटेतल्या प्रत्येक यंत्राला, हात कुणी वर केला, याचा कानोसा घेता आला पाहिजे. चांगले स्विच तो घेतात, त्याला आयजीएमपी स्नूपिंग म्हणतात. आमचा स्वस्तातला स्विच ठार बहिरा. कुणी मागितलं ते त्याला कळत नाही, म्हणून तो आलेलं सगळं सगळ्यांना देऊन मोकळा होतो.

म्हणजे घरात दवंडी पिटली जात होती. वायरीतून फिरली तर एक वेळ खपतं, वायर रुंद असते. पण तीच दवंडी वायफायवर गेली की घात. एरवी वायफाय एकेका मोबाइलशी बोलतं आणि 'ऐकू आलं' अशी पोच आल्यावर पुढचं सांगतं. दवंडीला पोच नसते. मग गावच्या टोकाला बसलेल्या म्हाताऱ्यालाही कळावं म्हणून कोतवाल जसा एकेक शब्द लांबवतो, तसं वायफाय आपल्या सगळ्यात संथ चालीवर उतरतं. जुन्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात ती चाल सेकंदाला १ मेगाबिट इतकी खाली जाऊ शकते. एचडी मालिकेला त्याच्या कितीतरी पट लागतं. हवा तुंबणार नाही तर काय? त्या तुंबलेल्या हवेत भाऊजींची पीडीएफ हात धरून उभी.

हे सगळं समजल्यावर मला डब्याचा राग येईना. माझं माहेर नागपूरचं, महालातलं. जानेवारी १९८७ मध्ये 'रामायण' सुरू झालं तेव्हा आमच्या वाड्यात टीव्ही एकच होता, आमचा. रविवारी सकाळी वडील स्वतः दार सताड उघडून ठेवायचे आणि आवाज असा की रस्त्यावरच्या सायकलवाल्यालाही सीतेचा शोक कळावा. हवं-नको कुणाला विचारायची पद्धतच नव्हती. पुढच्या वर्षीच्या गांधी जयंतीला 'महाभारत' लागलं आणि १९९० च्या जूनपर्यंत चाललं, तोवर आमची सतरंजी विरून गेली. त्याच दिवसांत, ऑगस्ट १९८९ मध्ये, तिकडे स्टॅनफर्ड विद्यापीठात स्टीव्ह डीअरिंग नावाचे गृहस्थ या हात वर करण्याच्या पद्धतीचे नियम लिहून प्रसिद्ध करत होते. ज्याने मागितलं त्यालाच मिळावं, शेजाऱ्याला त्रास नको. आमच्या वाड्यात कुणी हे सांगितलं असतं तर त्या माणसाला आजारी समजून पाणी दिलं असतं.

आणि सासर तर झाडीपट्टीतलं. इकडे दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम लागतो, वडशाच्या कंपन्या गावोगाव फिरतात, रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं. लग्न होऊन आले त्या वर्षी अर्जुनी मोरगावकडच्या आत्यासासूंकडे मुक्काम होता. मांडव गावाबाहेर, पण भोंग्यांची तोंडं गावाकडे. मी दमून नाटकाला गेले नाही, अंथरुणात पडून राहिले, तरी खलनायकाचं सगळं कारस्थान मला पाठ झालं. सकाळी आत्यांनी विचारलं, "कसा वाटला नाटक?" त्यांच्या हिशेबी मी ते पाहिलंच होतं.

मग केबल आली, आणि सरकारने टप्प्याटप्प्याने डबे बसवायला लावले. शहरी भागाचा तिसरा टप्पा ३१ डिसेंबर २०१५ चा, उरलेल्या गावांचा चौथा लांबत लांबत ३१ मार्च २०१७ ला टेकला. आता ज्याने पैसे भरले त्याचंच चित्र दिसतं. घरातही प्रत्येकाचा पडदा वेगळा, कानात बोळे. भाऊजी काय पाहतात ते जाऊबाईंना ठाऊक नसतं, आणि त्यांना त्याची उत्सुकताही नसते. अशा घरात सासूबाईंची मालिका बिचारी प्रत्येक मोबाइलच्या दारात जाऊन उभी राहत होती, आणि प्रत्येक मोबाइल दार न उघडता तिला परतवून लावत होता. मोबाइलचं वागणं बरोबरच आहे. पण शिकवलं कुणी, असं मनात आल्याशिवाय राहिलं नाही.

उपाय साधा निघाला. फायबरच्या मूळ यंत्रावर टीव्हीसाठी म्हणून वेगळी खाच दिलेलीच होती, वर तसं चित्रही होतं. डब्याची वायर स्विचमधून काढून तिथे न्यायची. वायर पुरेना म्हणून नवी आणली आणि ती न्यायला देवघराच्या भिंतीतून भोक पाडावं लागणार, असं निघालं. नेटवर्कच्या तांत्रिक अडचणीपेक्षा हीच अडचण मोठी ठरली. दोन दिवस वाटाघाटी चालल्या. भोक शेवटी देवांच्या पायांच्या पातळीच्या खाली, आणि चतुर्थी टाळून पडलं.

तेव्हापासून नेट ठणठणीत आहे. भाचा पेढे घेऊन परत गेला. सासूबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं होतं. त्यातलं त्यांनी आपल्यापुरतं जे घ्यायचं ते घेतलं.

पोळ्याच्या आदल्या रात्री चौकातलं ट्रान्सफॉर्मर धडाडधूम करून उडालं. अख्खा मोहल्ला अंधारात. भाऊजी वायरमनला फोन लावत होते, तो उचलत नव्हता.

"पहिले त्या डब्याची वायर काढा," अंधारातून सासूबाई म्हणाल्या.

"अवो आई, लाईनचा अन् डब्याचा काय संबंध?"

"तवा बी असंच म्हणत होते तुम्ही लोक."

वाद घालायला कुणाच्यात जीव नव्हता. भाऊजींनी टॉर्च घेऊन वायर काढली. पाचच मिनिटांत लाईन आली.