घरच्या लग्नासाठी मेमरी कार्ड : नवशिक्यांना मार्गदर्शन

"फोटोग्राफर कशाला, आपला बंड्या आहे की!" असे एखाद्या काकूने म्हटले की समजावे, तुमची नेमणूक झाली. कॅमेऱ्याचे पैसे मोजून झालेले असतात, लेन्सचा हप्ता चालू असतो. काटकसर दाखवायला आता मेमरी कार्डच काय ते उरते.

कार्ड शक्यतो फुटपाथवर टेबल मांडणाऱ्याकडून घ्यावे. १२८ जीबी छापलेले कार्ड निम्म्या भावात मिळत असेल तर बिलाचा विषय काढू नये, समोरचा दुखावतो. अशा कार्डाच्या पोटात कधी कधी ८ जीबीचीच चिप असते, पण आतल्या कंट्रोलरला पढवून ठेवलेले असते की कुणी विचारले तर १२८ सांग. कॅमेरा भाबडा, तो विश्वास ठेवतो. साखरपुडा, हळद, सीमांतपूजन सगळे झकास उतरते. ८ जीबी भरले की पुढचे फोटो जुन्यांच्या डोक्यावर बसतात किंवा हवेत जातात. यादीत फाइलचे नाव मात्र दिसत राहते. उघडावी तर वरच्या बाजूला नवरीच्या मुंडावळ्या आणि भुवयांखाली सरसकट करडा पट्टा.

एचटूटेस्टडब्ल्यू किंवा एफथ्री हे फुकट मिळणारे प्रोग्राम कार्ड काठोकाठ भरतात, मग भरलेले सगळे परत वाचून ताडून पाहतात. खोटे कार्ड तिथेच उघडे पडते. मोठ्या कार्डाला वेळ लागतो. लग्नघरात एवढा वेळ कुणाला असतो? तेव्हा हे करूच नये.

वेगाच्या बाबतीत सर्वांत मोठा आकडा पाहावा. १७० एमबी! तो बहुधा वाचण्याचा वेग असतो, म्हणजे घरी लॅपटॉपवर फोटो उतरवतानाच्या कामाचा. लिहिण्याची हमी कोपऱ्यातल्या बारीक खुणांत असते: वर्तुळातला १० म्हणजे सेकंदाला किमान १० एमबी, यू-३ किंवा व्ही-३० म्हणजे किमान ३०. चष्मा लावल्याशिवाय त्या दिसत नाहीत, आणि चष्मा गाडीत राहिलेला असतो. मग 'शुभमंगल सावधान' संपून अंतरपाट दूर होतो, तुम्ही धडाधड बटण दाबता, आणि कॅमेरा लाल दिवा लुकलुकत मागचेच फोटो गिळत बसतो. तेवढ्यात हार घालून होतात.

कार्डाच्या डाव्या कडेला एक पिटुकला खटका असतो. तो निव्वळ प्लास्टिकचा. कार्डाला त्याचा पत्ताही नसतो, तो खाली सरकलाय हे कॅमेऱ्याच्या खाचेला तेवढे कळते. स्वस्तातल्या कार्डात तो इतका सैल असतो की कार्ड आत सारतानाच सरकतो आणि पडद्यावर 'कार्ड लॉक्ड' येते.

सगळे लग्न एकाच कार्डावर घ्यावे, म्हणजे हरवायला सोपे. कॅमेऱ्यात दोन खाचा असल्या तरी दुसरी रिकामी ठेवावी. पंगतीत चुकून फॉरमॅट झालेच तर शूटिंग जोमाने चालू ठेवावे. फॉरमॅटने बहुतेक वेळा नुसती अनुक्रमणिका पुसली जाते, फोटो जागच्या जागी असतात; कार्ड तसेच बाजूला काढून ठेवले तर फोटोरेकसारख्या प्रोग्रामने बरेचसे परत मिळतात. तुमच्या नव्या फोटोंनी त्यांच्यावर पक्के लिंपण घालावे.

आता वॉरंटी. चांगल्या कंपन्या वर्षानुवर्षांची देतात, काही आजन्म. बिल दाखवले की बिघडलेल्या कार्डाच्या बदल्यात नवेकोरे, संपूर्ण रिकामे कार्ड मिळते. ते काकूंना नेऊन द्यावे.