केबिन ते जमीन

प्रवासवर्णनाला अंतर लागतं, असा आपल्याकडे समज आहे. काशी ते रामेश्वर नाही, तर निदान पुणे ते महाबळेश्वर तरी हवं. चार फुटांच्या प्रवासासाठी कोणी लेखणी उचलत नाही. मालट्रकच्या केबिनमधून जमिनीवर येणं हा साधारण तेवढ्याच अंतराचा प्रवास आहे, आणि त्यात प्रस्थान, घाट, धोक्याचं वळण, मुक्काम सगळं आहे. अडचण एवढीच, की करणाऱ्याला तो प्रवास वाटतच नाही. कळंबोलीच्या लोखंड बाजारात ट्रेलर लागला, हँडब्रेक ओढला, किल्ली फिरवली, की ड्रायव्हरच्या लेखी प्रवास संपला. मन तोवर टपरीवर पोचून चहा सांगून मोकळंही झालेलं असतं. मागे राहिलेलं शरीर मनाला गाठण्यासाठी जी घाई करतं, तिला उडी म्हणतात. घोट्यांची आणि गुडघ्यांची निम्मी भांडणं या उडीपासून सुरू होत असावीत, आणि उडीचं मूळ ‘आता पोचलोच’ या समजुतीत आहे, असं माझं मत आहे.

हे चार फूट किरकोळ वाटत असतील तर हिशेब करून पाहा. माल पोचवणारा ड्रायव्हर दिवसाला पंचवीस वेळा उतरतो आणि वर्षाला ३०० दिवस कामावर असतो असं धरलं, तर तो वर्षाकाठी ३०,००० फूट उतरतो. एव्हरेस्टची उंची २९,०३२ फूट. म्हणजे हा गृहस्थ दरवर्षी एव्हरेस्ट उतरतो, तेही अंगठ्याची चप्पल घालून, आणि त्याचा सत्कार होत नाही. चार फुटांवरून सरळ उडी टाकली तर जमिनीला पाय लागताना वेग ताशी साडेसतरा किलोमीटर भरतो. सायकल बऱ्यापैकी दामटली की एवढाच होतो. सायकलला ब्रेक असतात. इथे ब्रेकचं काम गुडघ्यांकडे, आणि ते गुडघे सहा तास एकाच कोनात बसून सुन्न झालेले. शिवाय आपल्याकडे ड्रायव्हरची जागा उजवीकडे. गाडी रस्त्याच्या डाव्या कडेला लावली, की क्लीनर उतरतो गवतात आणि ड्रायव्हर उतरतो रहदारीत.

या प्रवासाचा जुना, पक्का रस्ता आहे. तोंड गाडीकडे, पाठ जगाकडे, आणि दोन हात व दोन पाय या चौघांपैकी तिघे कायम कुठेतरी टेकलेले. एका वेळी एकानेच हलायचं. सुरक्षा अधिकारी याला ‘थ्री पॉइंट काँटॅक्ट’ म्हणतात, त्यामुळे ते काहीतरी परदेशी वाटतं. पण आपला ‘पायउतार’ हा शब्द पाहा. घोड्यावरून उतरणारा स्वार तोंड घोड्याकडेच ठेवतो, हात खोगिरावर, एक पाय रिकिबीत आणि दुसरा सावकाश खाली. शब्द पुढे राजकारणात गेला आणि तिथे मात्र शिस्त फारच कडक झाली: पायउतार होणारे दोन्ही हात शेवटपर्यंत खुर्चीवरून काढत नाहीत. त्र्यंबकजवळच्या हरिहर गडावर तर हा नियम दगडात कोरलेला आहे. जवळजवळ उभ्या कातळातल्या पायऱ्या, आणि हाताची बोटं रुतवायला पायऱ्यांत खोबण्या. तिथून उतरताना शहाणा माणूस आपसूक कड्याकडे तोंड करतो. त्याला कोणी पत्रक वाटलेलं नसतं. पायरीच शिकवते.

आपण शिकवतो ते कागदावर. राष्ट्रीय सुरक्षा परिषद ४ मार्च १९६६ रोजी स्थापन झाली, म्हणून दरवर्षी ४ मार्चला सुरक्षा दिन आणि पुढे आठवडाभर सप्ताह. छातीवर बिल्ला, हिरवा फलक, घोषवाक्यं, आणि प्रश्नमंजूषा. ब्रिटनमध्ये बांधकामावरच्या कामाचं कार्ड हवं असेल तर ४५ मिनिटांत ५० प्रश्नांची परीक्षा द्यावी लागते. प्रश्नांची जात मात्र सगळीकडे एकच. वाहनातून कसे उतराल? अ) उडी मारून. ब) पळत. क) मित्राच्या खांद्यावर. ड) वाहनाकडे तोंड करून, हँडल धरून, पायऱ्यांवरून सावकाश. जो पर्याय सर्वांत लांब तो बरोबर, हे चौथीतलं पोरही सांगेल. खरा प्रश्न असा हवा: उतरताना हात कशाला धरतो, स्टीअरिंगला की दाराला? दोन्ही उत्तरं चूक, आणि दोन्ही रोजची. स्टीअरिंग फिरतं, दार झुलतं. न हलणारं फक्त हँडल, आणि त्यावर नेमका घामाचा रुमाल वाळत घातलेला असतो. बोटातल्या अंगठीबद्दलही विचारायला हवं. उडी मारताना ती एखाद्या खिळ्याला अडकली, तर माणूस खाली येतो आणि अंगठी बोटाच्या कातडीसकट वर राहते. हे वाचताना ज्याने बोट आवळलं, त्याला पूर्ण मार्क.

आक्षेप येतातच. पहिला अनुभवाचा: “वीस वर्षं उड्या मारतोय, काही झालं नाही.” होणारं एका दिवसात होतंच असं नाही, गुडघा उधारीवर चालतो आणि वसुलीला चाळिशीनंतर येतो. दुसरा वेळेचा. नीट उतरायला चार सेकंद जास्त लागतात असं धरू; पंचवीस वेळचे शंभर. ज्या टपरीसाठी एवढी घाई, तिथे अर्धा तास जातो, तेव्हा कोणी घड्याळ काढत नाही. तिसरा आक्षेप अधिक हुशार: तोंड गाडीकडे म्हणजे पाठ येणाऱ्या ट्रककडे. बरोबर आहे. म्हणून दार उघडण्याआधी आरसा आणि मागे एक नजर. पण उडी मारणारा तरी कुठे मागे बघतो? तो टपरीकडे बघतो. चौथ्या आक्षेपाचं वजन मात्र मला मान्य आहे. एका हातात जेवणाचा डबा, दुसऱ्यात बिल्टी आणि मोबाईल. हँडल धरायचं कशाने? सामान केबिनच्या तळावर ठेवून आधी आपण उतरावं आणि मग खालून हात घालून ते घ्यावं, हे पुस्तकी उत्तर आहे आणि ते योग्यही आहे. पण पहिली पायरी चिखलाने बरबटलेली, दुसरी वाकलेली आणि हँडलचा एक स्क्रू गेलेला असेल, तर नुसत्या ड्रायव्हरला नापास करणं अन्यायाचं. हरिहरच्या पाथरवटाने खोबणी आधी कोरली. आपण पायरी दुरुस्त न करता आधी पेपर काढतो.

तेव्हा ही परीक्षा हॉलमध्ये नको, केबिनच्या दारात घ्यावी. साहित्य: एक डबा, एक बिल्टी, एक वाजणारा मोबाईल. जमीन थोडी ओली. परीक्षार्थ्याने सलग पाच तास गाडी चालवलेली असावी, आणि खालून कोणीतरी “लवकर ये रे, चहा गार होतोय” अशी हाक मारत राहावं. परीक्षक साहेबांनी वेळेवर यावं. ते बहुधा कंपनीच्या उंच जीपमधून येतील, कानाला फोन असेल, काखेत फाईल. ते उतरतात कसे, हे बघायला केबिनमधून जागा फार चांगली आहे.