श्री. नो सूनर दॅन यांस खुले पत्र

प्रति,
श्री. नो सूनर दॅन,
मुक्काम डू ॲज डायरेक्टेड, दहावीचा इंग्रजीचा पेपर.

स. न. वि. वि.

महाराष्ट्रात दहावीची पायरी चढलेला आणि आपले नाव न ऐकलेला माणूस शोधून सापडणार नाही. आज पन्नाशीत असलेल्या गृहस्थालाही झोपेतून उठवून ‘ॲज सून ॲज’ काढायला सांगितले, तर तो आपल्याला वाक्याच्या तोंडाशी बसवील, पाठोपाठ ‘डिड’ आणील आणि स्वल्पविरामाच्या जागी ‘दॅन’ ठेवून पुन्हा झोपी जाईल. आपल्या शेजारी राहणारी मंडळीही अशीच नामांकित. एक तो ‘टू’, ज्याचा जन्मच मुळी वाक्यातून हाकलले जाण्यासाठी झाला आहे. त्याच्या जागेवर टपून बसलेले ‘सो दॅट नॉट’. शिवाय ‘अनलेस’, ‘नॉट ओन्ली बट ऑल्सो’ आणि वाक्य संपल्यावरही रेंगाळणारा क्वेश्चन टॅग. आपणा सर्वांचा इतका मान का, हा प्रश्न कुणी विचारत नाही. कर्तृत्वाशिवाय मिळालेल्या मानाची सवय महाराष्ट्राला आहेच, पण आपल्या बाबतीत एकदा हिशेब मांडावा म्हणून हा पत्रप्रपंच.

आपल्यामुळे मुलांचा इंग्रजीचा सराव होतो, असे मानले जाते. माझे म्हणणे असे की आपल्यामुळे सराव होतो तो वाक्य न वाचता ते बदलण्याचा. खात्री करून घ्यायची तर कोणत्याही हुशार विद्यार्थ्यापुढे हे वाक्य ठेवा : ‘ॲज सून ॲज द बुडबुड झिंगल्ड, द टकटक फटल्ड.’ यातले बुडबुड, झिंगणे, टकटक आणि फटलणे इंग्रजीच्या कोणत्याही शब्दकोशात नाही. तरीही मूल क्षणात लिहील, ‘नो सूनर डिड द बुडबुड झिंगल दॅन द टकटक फटल्ड’, आणि पैकीच्या पैकी गुण घेईल. बुडबुड झिंगल्यावर टकटकाचे नेमके काय झाले, ही चौकशी करण्याचे त्याला कारण नाही. अर्थ शून्य असताना उत्तर शंभर टक्के बरोबर येत असेल, तर त्या प्रश्नाने भाषेची परीक्षा घेतली असे कसे म्हणायचे? आणि हे दुखणे एकट्या आपले नाही. शब्दसंपत्तीच्या नावाखाली एका लांबलचक शब्दाच्या अक्षरांतून चार छोटे शब्द काढायचे, शेवटचे अक्षर धरून शब्दांची साखळी ओवायची, चार शब्द वर्णानुक्रमे लावायचे; यांतही अर्थाला फारसे विचारावे लागत नाही. उताऱ्याचे तर तंत्रच ठरून गेले आहे. प्रश्नातला ठळक शब्द उताऱ्यात हुडकायचा आणि तो ज्या ओळीत सापडेल ती ओळ उतरवून काढायची. प्रश्नपत्रिकेचे नाव बदलून कृतिपत्रिका झाले, हेतू चांगला होता. पण अपेक्षित प्रश्नसंचांनी आणि क्लासवाल्यांनी प्रत्येक कृतीची पुन्हा युक्ती करून टाकली.

आपल्या घराण्यात सर्वांत जास्त अन्याय कुणावर होत असेल तर तो कर्मणी प्रयोगावर, ज्याला पोरे पॅसिव्ह व्हॉइस म्हणतात. इंग्रजीत हा प्रयोग शोभेसाठी नसतो. कर्ता माहीत नसतो, महत्त्वाचा नसतो किंवा सांगायचा नसतो, तेव्हा तो कामाला येतो. सांगायचा नसतो म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून द्यायला नको. ‘सदर प्रकरणी दिरंगाई झाल्याचे निदर्शनास आले आहे’ हे वाक्य ज्या सरकारी पत्रात असते, त्यात दिरंगाई कुणी केली हे शोधून दाखवावे. लिहिणारा माणूस हा प्रयोग केव्हा आणि का निवडतो, हा खरा व्याकरणाचा प्रश्न, आणि तो वर्गात रंगूही शकेल. त्याऐवजी मुलांना रामाने खाल्लेला आंबा रामाकडून खाल्ला जायला लावायचा असतो, एवढेच. कोणत्याही शहाण्या इंग्रजाने आंब्याबद्दल असे कधी बोलावे, याची पंचाईत पेपर काढणाऱ्याला नसते.

यावर आपले वकील काय म्हणतील ते ठाऊक आहे. पहिला आक्षेप असा की नियम घोटल्याशिवाय शुद्ध लिहिता कसे येईल? मराठी मुलाच्या कानावर घरी-दारी इंग्रजी पडत नाही, म्हणून त्याला नियमांचा आधार हवाच. आधार हवा, हे मान्य. पण कोणत्या नियमांचा? मराठी मुले इंग्रजी लिहिताना कुठे अडखळतात ते पाहा. मराठीत आर्टिकल नाहीत, म्हणून ‘अ’ आणि ‘द’ गळतात किंवा नको तिथे उगवतात. मराठीचे प्रत्यय शब्दाच्या मागे चिकटतात, म्हणून प्रिपोझिशन चुकते. ‘डिड नॉट’नंतर हटकून ‘वेंट’ येते. या चुका वाचून, लिहून, पुन्हा दुरुस्त करून हळूहळू जातात. ‘टू’ काढून आणि आपल्याला घालून त्यातली एकही जात नाही. शिवाय वाचनाने व्याकरण बिघडत नाही, उलट सुधारते, याचा पुरावा आहे. वॉरविक एली आणि फ्रान्सिस मंगुभाई यांनी फिजी बेटांवरच्या खेड्यांतल्या प्राथमिक शाळांत एक प्रयोग केला आणि त्याचे निष्कर्ष १९८३ मध्ये प्रसिद्ध केले. तिथेही इंग्रजी घरची नव्हती. चौथी-पाचवीच्या काही वर्गांना गोष्टींची सुमारे २५० पुस्तके दिली, इतर वर्गांत नेहमीप्रमाणे वाक्यरचना घोटणे चालू राहिले. पुस्तकांच्या वर्गांची वाचनातली प्रगती जवळजवळ दुप्पट वेगाने झाली, आणि पुढच्या वर्षी तिचा लाभ लेखनात आणि व्याकरणातही दिसला. म्हणजे ज्या विषयाचा मक्ता आपण घेतला आहे, त्यातही गोष्टींची पुस्तके पुढे गेली.

आपल्याच देशातला दाखला हवा असेल तर एन. एस. प्रभू यांचा आहे. १९७९ ते १९८४ या काळात बंगळुरू आणि चेन्नईच्या बाजूच्या काही शाळांत त्यांनी व्याकरणाचे धडे बाजूला ठेवले आणि मुलांना इंग्रजीतून रेल्वेचे वेळापत्रक वाचायला, नकाशावर वाट शोधायला लावले. पुढे मूल्यमापन झाले, तेव्हा निव्वळ रचनेच्या चाचणीत रचना घोटलेली मुले सरस ठरली. ते होणारच होते. संदर्भासह व्याकरण वापरण्याच्या चाचणीत मात्र प्रयोगातली मुले पुढे होती. त्या मूल्यमापनातल्या उणिवा अभ्यासकांनी नंतर दाखवल्या आहेत, म्हणून या एका प्रयोगावर मी सगळी इमारत उभी करणार नाही. पण घोटलेले घोटल्यापुरतेच उरते, ही शंका त्याने पक्की केली.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, आणि तो करणारे शिक्षक मुलांच्या कळवळ्याने करतात. ज्या मुलाला इंग्रजीत ३५ गुणांचीही धास्ती आहे, त्याच्यासाठी आपण हमखास गुण आहात. आपल्याला काढले तर ते मूल नापास होईल आणि पास होतील ती क्लास आणि कॉन्व्हेंटवाली. खरे आहे. एका वर्गात साठ-सत्तर मुले असलेल्या शिक्षकाला वाचनाचे मोजमाप करणे अवघड आणि आपले उत्तर तपासणे सोपे, हेही खरे. पण हमखास गुण मिळालेले मूल त्यानंतर कुठे जाते? मायकेल वेस्ट नावाचे शिक्षणाधिकारी ढाक्यात काम करत असताना त्यांनी १९२६ मध्ये बंगाली मुलांच्या इंग्रजीबद्दल नेमका हा विचार केला होता. बहुतेक मुले शिक्षण मध्येच सोडणार, मग ज्या दिवशी ती सोडतील त्या दिवशी त्यांच्या हाती काय उरते? यासाठी त्यांनी विम्याच्या व्यवहारातला सरेंडर व्हॅल्यू हा शब्द वापरला, आणि वाचता येणे ही गोष्ट आधी द्यावी असा निष्कर्ष काढला. आपली सरेंडर व्हॅल्यू काय, श्रीमान? खताच्या पिशवीवरची सूचना, मोबाइलवर आलेला बँकेचा संदेश, नोकरीच्या अर्जातली अट, औषधाच्या वेष्टनावरचा इशारा, यांपैकी काहीही आपल्या ओळखीने वाचता येत नाही. गरीब मुलाला हमखास गुण देऊन त्याच्याकडून वाचनाची दहा वर्षे काढून घेणे, याला मी मदत म्हणायला तयार नाही. दहा वर्षे म्हणतो, कारण २००० सालापासून महाराष्ट्रात इंग्रजी पहिलीपासून आहे. एवढ्या काळात काय साधते? ‘असर’ या शैक्षणिक अहवालाच्या २०२३ सालच्या पाहणीत देशातल्या २८ जिल्ह्यांतल्या ग्रामीण भागात १४ ते १८ वयाच्या मुलामुलींना इंग्रजी वाक्ये वाचायला दिली. ५७.३ टक्क्यांना ती वाचता आली, आणि वाचता आलेल्यांपैकी ७३.५ टक्क्यांना त्यांचा अर्थ सांगता आला. उरलेल्यांनी वाक्य घडाघडा वाचले आणि ते काय म्हणते हे त्यांना कळले नाही. बुडबुड झिंगल्ड.

पुस्तके आणायची कुठून, हा तिसरा आक्षेप मी फार वेळ ऐकून घेणार नाही. अपेक्षित, गाइड, व्याकरणाची वर्कबुके आणि क्लासच्या छापील नोट्स यांवर पालक दरवर्षी जो खर्च करतात, त्यात वर्गाच्या कपाटात गोष्टींची पुस्तके सहज येतील.

गैरसमज नसावा. आपण इंग्रजीतून नाहीसे व्हावे, अशी माझी इच्छा नाही. गोष्टीत आपण योग्य जागी आलात तर वाक्याला वेग देता, आणि दहा गोष्टी वाचलेल्या मुलाला आपण आपोआप ओळखीचे होता. विनंती एवढीच की पेपरात यायचे तर उताऱ्याच्या आत बसून या. घंटा वाजल्याबरोबर मुले मैदानाकडे पळाली, असे सांगणारे आपले वाक्य न पाहिलेल्या उताऱ्यात असू द्या आणि खाली साधा प्रश्न असू द्या : आधी काय झाले, घंटा की पळापळ, आणि मध्ये किती वेळ गेला? उत्तर मराठीत लिहिले तरी गुण द्या. आपल्या नावाचे सूत्र घोटलेल्या मुलाला हा प्रश्न अडवील, वाचणाऱ्याला अडवणार नाही. ८० गुणांच्या लेखी पेपरात असे चार-पाच प्रश्न आले, तर अपेक्षित छापणाऱ्यांना पुढच्या वर्षीपासून उतारेच छापावे लागतील, आणि मुलांना ते वाचावे लागतील. पेपर काढणाऱ्या मंडळींनी येत्या परीक्षेला निदान एवढे करून पाहावे.

कळावे,
आपला,
एक पास झालेला